पाण्यातला जन्म

इ. स. १८०५ मध्ये दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए शहराच्या वैद्यसभेच्या नियतकालिकात एम्ब्री नावाच्या डॉक्टराने एक छोटीशी हकीकत छापविली. हकीकत दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे १८०३ मधली होती. एक बाई अडली होती. अठ्ठेचाळीस तास तिला वेणा येत होत्या, पण सुटका काही होईना. शक्ती संपत आली, तेव्हा जराशी कंबर शेकून निघावी, जिवाला थोडा आराम पडावा, एवढ्याच हेतूने ती ऊन पाण्याच्या टबात जाऊन बसली. आणि पुरता पाव तास झाला न झाला तोच मूल जन्मास आले, तेही पाण्यातच. मूल पाण्यात जन्मावे असा बेत ना त्या बाईचा होता, ना डॉक्टराचा. पाण्यातल्या बाळंतपणाची छापील नोंद शोधीत मागे गेले की पहिली म्हणून हीच दाखविली जाते. आता त्या हकीकतीत नाव उरले ते डॉक्टराचे. दोन दिवस सोसले जिने, तिचे नाव कोणाच्या लक्षात नाही. बाळंतपणाच्या इतिहासात हे नेहमीचेच.

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी वडीलधाऱ्याने विचारले तर उत्तर सोपे आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान केलेल्या वाचकांना ऊन पाण्याचे गुण निराळे सांगावयास नकोत. आणि ज्या घरात अंक वाचला जातो त्या घरात आई, सासू, लेक, सून यांच्यापैकी कोणी ना कोणी या वाटेने गेलेली असते किंवा जाणार असते. शिवाय हा इतिहास चित्तवेधक आहे. त्यात डॉक्टर आहेत, सुइणी आहेत, एक पोहण्याचा शिक्षक आहे आणि लहान मुलांनी उन्हाळ्यात डुंबावे म्हणून विकला जाणारा एक फुगवायचा हौददेखील आहे.

या विषयावरची पुस्तके उघडली की पहिल्या पानावर बहुधा एक भव्य वंशावळ भेटते. इजिप्तचे राजपुत्र पाण्यात जन्मत, क्रीट बेटावरच्या बायका पाण्यात बाळंत होत, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर हीच रीत होती, वगैरे वगैरे. एक पुस्तक दुसऱ्याचा हवाला देते आणि दुसरे तिसऱ्याचा. शिलालेख किंवा चित्र दाखवा म्हटले की सारे गप्प. प्रत्येक नव्या गोष्टीला जुन्या काळाचा शिक्का मारून घेण्याची हौस आपल्यालाच आहे असे नाही, ती साहेबालाही आहे. मला वाटते, ही वंशावळ बाजूला ठेवलेलीच बरी. माँपेलिएच्या त्या टबापासून सुरुवात केली तर पायाखाली जमीन तरी राहते.

पण मग त्या हकीकतीनंतर पावणेदोनशे वर्षे काहीच का घडले नाही? याचे कारण एका भयात आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रसूतिगृहांत बाळंतरोगाने बायका पटापट मरत. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले की, शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरांचे हातच हा रोग बाळंतिणीपर्यंत पोचवितात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याच्या हयातीत त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे जंतूंचे शास्त्र सिद्ध झाले तेव्हा मात्र सारे प्रसूतिशास्त्र जंतूंच्या धाकाने चालू लागले. त्या धाकात टबातले पाणी संशयित ठरले. अंगावरचा मळ त्या पाण्यात येणार, ते पाणी आत शिरणार आणि रोग होणार, असा हिशेब होता. म्हणून कळा सुरू झालेल्या बाईने टबात बसू नये असा नियम झाला व तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९६० मध्ये सीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टराने साधा प्रयोग केला. स्टार्च लावलेला कापसाचा बोळा आत ठेवून बायकांना आयोडीन मिसळलेल्या पाण्यात बसविले. पाणी आत गेले असते तर बोळा निळा व्हावयास हवा होता. बोळा पांढराच राहिला! ज्या नियमाने इतकी वर्षे बायकांना कोरड्या खाटेवर निजविले, तो तपासून पाहण्यास एक कापसाचा बोळा पुरला.

दरम्यान वेदनेचा प्रश्न होताच. १८४७ मध्येच एडिंबरोच्या सिम्प्सनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. १८५३ च्या एप्रिलमध्ये जॉन स्नो याने व्हिक्टोरिया राणीला तिच्या आठव्या बाळंतपणात तो दिला, आणि प्रत्यक्ष राणीने घेतल्यावर वेदना हा स्त्रीचा अटळ भोगच आहे असे म्हणणाऱ्यांची तोंडे पुष्कळशी बंद झाली. पुढे जर्मनीत गुंगीचे इंजेक्शन निघाले. त्यात बाई ओरडे, तळमळे, पण शुद्धीवर आल्यावर तिला काहीच आठवत नसे. वेदना गेली नव्हती, वेदनेची आठवण तेवढी गेली होती. या साऱ्याला कंटाळलेले लोक विसाव्या शतकात दुसरी वाट शोधू लागले. इंग्लंडात ग्रँटली डिक-रीड याने भयामुळे अंग ताठते आणि ताठल्यामुळे दुखते असे मांडले. पॅरिसच्या लामाझ या डॉक्टराने १९५१ मध्ये रशियात जाऊन श्वासाच्या व मनाच्या तयारीने केलेले बाळंतपण पाहिले व ती पद्धत फ्रान्समध्ये आणली. पाण्याचा पुन्हा प्रवेश झाला तो या वातावरणात.

प्रवेश झाला तोही विचित्र माणसाच्या हातून. मॉस्को येथील इगोर चारकोव्‌स्की हा डॉक्टर नव्हे. तो पोहणे शिकविणारा. १९६३ मध्ये त्याची मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, तेव्हा दुबळ्या जिवाची शक्ती वाचेल, या कल्पनेने त्याने तिला तासन्‌तास कोमट पाण्यात ठेवले, आणि मुलगी जगली. तेव्हापासून त्याने पाण्याचा ध्यासच घेतला. बायकांची बाळंतपणे पाण्यात करविली, अगदी काळ्या समुद्रातही करविली. तान्ह्या मुलांना पाण्यात बुडवून काढण्याचे त्याचे प्रकार तर अंगावर काटा आणणारे होते आणि त्यांवर पुढे कडक टीका झाली. ती रास्तच होती. एक मूल वाचले म्हणून सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे त्याला कोणी पटवू शकले नाही.

आता फ्रान्सकडे वळू. येथे आपला म्हणजे हिंदुस्थानचा थोडा संबंध येतो. फ्रेडरिक लब्वाये हा पॅरिसचा नामांकित प्रसूतितज्ज्ञ. हजारो मुले त्याच्या हातून जन्मलेली. त्याने हिंदुस्थानच्या वाऱ्या केल्या होत्या, येथील अध्यात्माची त्याला ओढ होती. १९७४ मध्ये त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचा आशय असा: आपण आईच्या वेदनेबद्दल बोलतो, पण जन्मणाऱ्या बाळाचे काय? झगझगीत दिवा, आरडाओरडा, पाय धरून उलटे टांगणे, पाठीवर चापट, नाळ तोडण्याची घाई. हे स्वागत की शिक्षा? त्याने दिवे मंद केले, आवाज बंद केले, बाळ आईच्या पोटावर निजविले, नाळेचे ठोके थांबेपर्यंत ती कापली नाही आणि मग बाळाला कोमट पाण्याच्या टोपात अलगद धरले. जन्म कोरडाच, पण जन्मताच पुन्हा पाणी.

१९७६ चे त्याचे दुसरे पुस्तक म्हणजे ‘शांतला’. कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत शांतला नावाची आई जमिनीवर पाय पसरून बसली आहे, पायांवर बाळ आडवे घातले आहे आणि तेल लावून ती त्याचे अंग रगडीत आहे, हे त्याने पाहिले आणि तो थक्क झाला. त्याची छायाचित्रे घेऊन त्याने ते युरोपला दाखविले आणि युरोपही थक्क झाले. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला हे सांगा, ती विचारील, यात छायाचित्र काढण्यासारखे काय आहे? न्हाणीघरात पाटावर बसून, दोन्ही नडग्यांच्या खोबणीत बाळ पालथे घालून, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळाशी तळहाताचा आडोसा करून ऊन पाणी ओतावयाचे, मग धुरी द्यावयाची, वेखंड लावावयाचे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवावयाचे, हे आपल्याकडे कोणी पुस्तक वाचून शिकत नसे. चरकाच्या शारीरस्थानात तर जन्मताच न रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडावे आणि कानांच्या मुळाशी दगडावर दगड वाजवावा, असा उपाय सांगितला आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियास डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांनी आपल्या प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. मात्र घाईने कोणी असा निष्कर्ष काढू नये की पाण्यातले बाळंतपण आपल्याकडे होतेच. बाळ न्हाऊ घालणे निराळे आणि पाण्यात बाळंत होणे निराळे.

लब्वायेच्या पद्धतीची परीक्षाही झाली. कॅनडातील हॅमिल्टन येथे डॉक्टरांनी छप्पन्न स्त्रियांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटाची बाळंतपणे लब्वायेच्या रीतीने केली. १९८० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतल्या मुलांच्या प्रकृतीत किंवा वागणुकीत फरक आढळला नाही. माझे मत विचाराल तर निकाल बरोबर असेल, तरी लब्वाये हरला असे मी म्हणणार नाही. बाळाला उलटे टांगण्याची रीत गेली, ते आईच्या छातीशी देण्याची रीत आली. ही गोष्ट तक्त्यात मावत नाही.

या इतिहासाचा खरा नायक मात्र मिशेल ओदाँ. पॅरिसच्या दक्षिणेस पितिव्हिए नावाचा एक लहानसा गाव आहे. बदामाच्या सारणाच्या एका गोड पावामुळे त्याचे नाव खवय्यांना ठाऊक असते; आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे रवाना करण्यापूर्वी कोंडून ठेवण्याचा एक तळ तेथे होता, म्हणून इतिहासकारांना ठाऊक असते. तेथील सरकारी इस्पितळात ओदाँ १९६२ मध्ये आला तो शस्त्रवैद्य म्हणून. बाळंतपणाचा विभाग ओघानेच त्याच्या गळ्यात पडला. प्रसूतिशास्त्राचा तो तज्ज्ञ नव्हता, आणि याचा उलट फायदा झाला. त्याला मते नव्हती, म्हणून तो पाहू लागला. सुइणी काय करतात, बायका कशा वागतात, कोणत्या वेळी कोणती बाई कोणता कोपरा धरते, हे तो वर्षानुवर्षे पाहत राहिला. त्याच्या ध्यानात आले की उताणे निजणे पुष्कळ बायकांना नको असते. म्हणून त्याने उंच टेबल काढून एक घरगुती खोली केली: मंद उजेड, भिंतीला रंग, जमिनीलगत गादी. आणि दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती अशी की, कळा असह्य झाल्या की बायका पाण्याकडे ओढ घेतात. नळाखाली जातात, टबाची चौकशी करतात.

तेव्हा १९७७ च्या सुमारास त्याने बागेत मुलांना खेळावयास ठेवतात तसला रबरी फुगवायचा हौद आणविला आणि त्यात ऊन पाणी भरले. तो उपयोगी पडतो असे दिसल्यावर पक्का हौद बांधविला: सुमारे दोन मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर खोल. पाण्यात औषध नाही, काही नाही. ज्या बाईची प्रगती अडली आहे, कळा तर येताहेत पण गर्भाशयाचे तोंड उघडत नाही, अशा बाईसाठी तो होता. बहुतेक वेळा तास-दोन तासांत तोंड पुरते उघडे, आणि बाई बाहेर येऊन बाळंत होई. काही जणींना बाहेर येण्याची इच्छा राहत नसे, किंवा सवड मिळत नसे, आणि मूल पाण्यातच जन्मे. माँपेलिएच्या त्या बाईसारखेच! १९८३ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात ओदाँने अशा शंभर जन्मांचा वृत्तान्त दिला. मूल पाण्यात जन्मणे हे आमचे ध्येय नव्हे, असे तो बजावीत आला. परंतु जगाने नेमके तेच उचलले. ध्येय म्हणून पाण्यातला जन्म ठेवणारे पंथ निघाले, हौद भाड्याने देणारे निघाले, छायाचित्रे निघाली. असो.

वाचकांच्या मनात एक प्रश्न केव्हाचा घोळत असेल: मूल बुडत कसे नाही? नऊ महिने मूल पाणमोटेतच असते. त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू येतो तो वारेतून नाळेवाटे. बाहेर आल्यावर गार हवा तोंडाला लागते, अंगाला स्पर्श होतो, नाळेचा प्रवाह मंदावतो, तेव्हा पहिला श्वास. अंगाइतक्याच ऊन पाण्यात जन्मलेल्या धडधाकट मुलाला श्वास घेण्याची घाई होत नाही, आणि तेवढ्या क्षणांत त्याला वर उचलून घ्यावयाचे असते. मात्र ‘धडधाकट’ हा शब्द येथे महत्त्वाचा. आधीच गुदमरलेले मूल पाण्यातच धाप टाकण्याचा प्रयत्न करू शकते, आणि मग धोका आहे. आईच्या बाजूने पाहिले तर गुपित आर्किमिडीजचेच. पाण्यात भार हलका होतो, बाईला हवे तसे वळता येते. उबेने ताठलेले स्नायू सैलावतात, भय उतरते. पण उतावळेपणा येथेही बाधतो. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दोनशे स्त्रियांपैकी काहींना लवकर आणि काहींना उशिरा टबात उतरविले. लवकर उतरलेल्यांचे बाळंतपण उलट लांबले.

इंग्लंडात ही रीत लवकर मुरली, कारण तेथे सुईण हा शिकलेला आणि मान असलेला पेशा आहे. १९९२ मध्ये पार्लमेंटच्या आरोग्य समितीने बायकांचे म्हणणे ऐकून अहवाल दिला आणि जमेल तेथे इस्पितळांनी हौदाची सोय ठेवावी असे सुचविले. समितीपुढे बायका बोलल्या, आणि त्यांचे सरकारदरबारी लिहून घेतले गेले, ही मला हौदापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. एप्रिल १९९४ ते मार्च १९९६ या दोन वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये पाण्यात झालेल्या ४०३२ जन्मांची गणती झाली. जन्माच्या आगेमागे दगावलेल्या मुलांचे प्रमाण हजारी १.२ भरले, जमिनीवर, कसलाही धोका नसलेल्या बाळंतपणांत आढळते तसेच. पाण्यामुळेच मृत्यू झाला असे एकही मूल नव्हते. पण दोन मुलांच्या फुप्फुसांत पाणी गेले होते, आणि पाच मुलांची नाळ, त्यांना वर उचलताना, तुटली होती. पुढे २०१५ ते २०२२ या काळात सव्वीस ठिकाणी, सत्तर हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की पाण्यात जन्म दिल्याने आईला मोठी इजा किंवा मुलाला अपाय होण्याचे प्रमाण वाढत नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र पाण्यात अधिक.

अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना इतकी उदार नाही. २०१६ मध्ये तिने म्हटले, कळा येताना पाण्यात बसा, बाळंतपण थोडे आटोपते होते व कण्यात इंजेक्शन घेण्याची पाळी कमी येते. पण मूल जमिनीवरच जन्मू द्या. दोन थोर देशांचे दोन शहाणे, आणि मते दोन. खोलात शिरले तर अंतर फारसे नाही. कळांच्या काळात पाणी चांगले, याबद्दल दोघेही एक आहेत. वाद आहे तो शेवटच्या काही मिनिटांचा. २०१८ मध्ये पंधरा चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच मवाळ आहे. कण्यात इंजेक्शन घेणाऱ्या बायकांचे प्रमाण शेकडा त्रेचाळीसवरून एकोणचाळीसवर येते. चमत्कार नव्हे, पण ज्या चौघी वाचल्या त्यांना विचारा!

धोके सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. जुळे, पायाळू, अपुऱ्या दिवसांचे मूल, रक्तदाब, आधी शस्त्रक्रिया झालेली बाई, यांना बहुतेक ठिकाणी हौद वर्ज्य आहे. पाणी साडेसदतीस अंशांपेक्षा ऊन असता कामा नये, कारण आई तापली की मूलही तापते. आणि पाणी ताजे हवे. २०१४ मध्ये इंग्लंडात घरी भाड्याने आणलेला, बिजलीवर पाणी ऊन ठेवणारा हौद आधीच भरून ठेवला होता. त्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढले आणि नवजात मुलाला न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सरकारने असले हौद आगाऊ भरून ठेवण्यास तत्काळ मनाई केली.

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही खासगी प्रसूतिगृहांत हौद आले आहेत आणि त्यांचे दर पाहून मध्यमवर्गीय माणसाच्या पोटातले पाणी हलल्याशिवाय राहत नाही. पण पैशाची गोष्ट बाजूला ठेवा. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. या बायका हौद नव्हता म्हणून दगावल्या नाहीत. रक्तस्राव, रक्तदाब, जंतुदोष आणि वाटेत गेलेला वेळ ही तिथली कारणे. तेव्हा पितिव्हिएकडून काय उचलावयाचे असेल तर ते हौदाआधीचे. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शिकलेली, न ओरडणारी बाई बसलेली असावी. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात लेकीला आत पाठवून बाहेर बाकावर रात्र काढलेल्या आईला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात परिचारिकांना अठरा महिन्यांचे शिक्षण देऊन सुईणपणात तरबेज करण्याची योजना जाहीर केली. कागदावर ती चांगली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा किती जणी प्रत्यक्ष उभ्या राहतात आणि डॉक्टर त्यांना कितपत काम करू देतात, यावर सारे आहे.

ओदाँने पितिव्हिएची नोकरी १९८५ मध्ये सोडली आणि तो लंडनला गेला. तेथील आठवणींपैकी एक तो सांगत असे. हौद भरावयास वेळ लागे. नळ सोडला की पाण्याचा आवाज खोलीत भरून राही, निळे पाणी हळूहळू चढू लागे, आणि काही बायका तेवढ्यानेच सैलावत. हौद अर्धाही भरलेला नसे, पायही ओला झालेला नसे, आणि पलीकडे गादीवर मूल रडू लागलेले असे.